हेडबाईची जिरवायची

३ नोव्हेंबर

बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहिते. लेकानं हात जोडून सांगितलं, "आई, यावर आता एक शब्द काढू नकोस." काढू नकोस म्हणाला, लिहू नकोस म्हणाला नाही. चौथीत शाळा सुटली माझी, पण शिव्याशाप लिहिण्यापुरतं येतं.

काल सुनेच्या भावाकडे जेवायला गेलो होतो. सुनेची आई, म्हणजे माझी विहीण, आली होती. ती शाळेत हेडबाई होती. शाळा सुटून वर्षं झाली तरी बोलताना अजून समोर वर्ग बसलाय असंच वाटतं. मी नातीला भरवत होते. नातीला मी मुंगी म्हणते, कारण जमिनीवरचा कण न् कण उचलून न्याहाळते. मुंगीनं पाण्याकडे बोट करून ऊं ऊं केलं, मी पाणी दिलं. झालं. हेडबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अडीच वर्षांची झाली. शब्द बोलत नाही, हातानं खात नाही. मुलं घरातल्यांचं बघून शिकतात. दिवसभर घरात शिकलेलं माणूस हवं ना."

सगळे ताटात बघायला लागले. माझा लेक सगळ्यांत खाली.

तेवढ्यावर थांबली नाही. एक तारखेपासून सुनेचं ऑफिस पूर्ण दिवसाचं होतंय. तर म्हणे, "तेव्हापासून मुलगी माझ्याकडे ठेवा. मी शिकवते." सून नाही म्हणाली नाही.

आणि हेडबाईनं स्वतः काय केलं? मुंगी तिच्याकडे हात पसरून गेली, तर हिनं उचललीसुद्धा नाही. शालीत दोन्ही हात घालून बसून राहिली महाराणी. जेवली नाही, "घरून खाऊन आले" म्हणाली. आमच्यासारख्यांच्या पंगतीत घास उतरत नसेल.

महिना हातात आहे. मुंगीला सगळं शिकवणार आणि त्याच लोकांसमोर हेडबाईचं नाक कापणार. पोरगी माझ्याकडून हलू देणार नाही.

५ नोव्हेंबर

आजपासून चमचा.

मी आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं केली. बोटांना थांबणं माहीत नाही. मुंगीनं चमचा उलटा धरला, दही मांडीवर. सुलटा धरला, दही कानात. माझा हात आपोआप पुढे जात होता. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सून दारातून म्हणाली, "आई, तुम्हाला थंडी वाजतेय का?"

"नाही. राग आलाय."

अर्धी वाटी पोटात गेली, अर्धी फरशीवर. मग फडकं दिलं हातात, म्हटलं पूस. फरशी सोडून माझा पाय पुसला.

८ नोव्हेंबर

चमचा जरा सुधारलाय. बोलण्याचं घोडं मात्र अडलंय.

सकाळपासून मी बोलतेय. हे पाणी. पाणी म्हण. पाणी, पाणी, पाणी. ही वाटी. ही खिडकी, खिडकीत कावळा, कावळा म्हण. तोंड आहे ना तुला? मग म्हण. मुंगी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघते, जशी मी वेडी आहे. तिनं बिस्किटाच्या डब्याकडे बोट केलं की मला लगेच कळतं, मी म्हणते, "बिस्कीट पाहिजे? घे." तिला कळतं सगळं. बोलायलाच धाड भरलीय.

लेक म्हणाला, "आई, तू जरा दम घे."

म्हटलं, "मी दम घेतला तर तिला शिकवणार कोण, तू? तू स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होतास."

त्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसले. हसा.

दुपारी एक दुसरं काम केलं. सुनेच्या मोबाइलात हेडबाईचा फोटो आहे. तो मुंगीला दाखवून सांगितलं, "ही बाई." मग माझ्या छातीवर हात ठेवून, "ही आजी." पुन्हा फोटो, "बाई." रोज करणार आहे. बोलायला लागेल तेव्हा लागेल, पण लागेल तेव्हा आजी एकच असेल.

११ नोव्हेंबर

हेडबाईनं मुंगीला स्वेटर पाठवलाय. सुनेच्या भावाच्या हाती, स्वतः आली नाही. लाकडाची मोठी बटणं आहेत. सून डोळे पुसत म्हणाली, "आईनं किती छान पाठवलाय."

मी उजेडात धरून बघितला. डावी बाही झकास, टाका टाक्याला लागून. उजवी बाही म्हणजे दारू पिऊन विणल्यासारखी, कुठं ओढलेली, कुठं ढिली, एका ठिकाणी तर टाका उसवून परत घातलेला. दुकानदारानं हातोहात फसवलंय शिकलेल्या बाईला. लोकांना शिकवायला निघाली, आणि माल पारखता येत नाही.

दुपारी कात्री घेतली आणि सगळी बटणं काढली. जुन्या जाड चादरीच्या पट्टीवर पक्की शिवली, दातानं ओढून बघितली, मुंगीच्या तोंडात जायला नकोत. समोरच्या पट्टीला मोठी काजं केली. आता तिच्याच बटणांवर मुंगी बटण लावायला शिकणार. मला दिवसभर बरं वाटत होतं.

सुनेनं विचारलं, "स्वेटरची बटणं कुठं गेली?"

"तोंडात घातली असती पोरीनं. काढून ठेवलीत."

खोटं नाही बोलले. ठेवलीच आहेत.

१५ नोव्हेंबर

घसा बसला. आवाज म्हणून निघत नाही. डॉक्टर म्हणाला, बोलायचं नाही अजिबात. लेकाच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही.

एवढे कमी दिवस राहिलेत आणि आत्ताच हे. हेडबाईची दृष्ट लागली.

१८ नोव्हेंबर

काय लिहू. मुंगी बोलली.

सकाळी पाण्याच्या भांड्याकडे बोट केलं. मी काय बोलणार, मी नुसती बघत बसले. तिनं परत बोट केलं. मी बसलेच. अंगातही त्राण नव्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वाट बघत राहिली, आणि मग स्वच्छ म्हणाली, "पाणी."

मला ओरडायचं होतं, आवाज नाही. भांडंच दिलं तिच्या हातात. प्यायली, परत केलं आणि म्हणाली, "अजून."

दुपारपर्यंत बटण, दे, नको, कावळा. मी आठवडाभर घसा फोडला तो वाया गेला नाही. फक्त उशिरा उगवलं. आणि नेमकं माझा आवाज नसताना. देवाला चेष्टेशिवाय दुसरं काम नाही.

२० नोव्हेंबर

आवाज आला. मुंगी आज कमी बोलली. सर्दी होतेय बहुतेक.

मुंगीनं पट्टीवरचं पहिलं बटण काजातून पार काढलं. जीभ बाहेर काढून, श्वास धरून. मी हात मांडीखाली धरून तोंडसुद्धा आवळून बसले होते. बटण पलीकडे निघालं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्याकडे. दुकानात नवी मुलगी पहिलं काज नीट करायची तेव्हा असंच बघायची. मी कधी कोणाला शाबासकी दिली नाही. मुंगीला केळं दिलं.

रविवारी हेडबाई येतेय.

२३ नोव्हेंबर

सगळं सविस्तर लिहिते.

हेडबाई आली, पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीत बसली. मी मुंगीला दह्याची वाटी आणि चमचा दिला. एक थेंब सांडला नाही. वाटी संपवून म्हणाली, "अजून दे." मग पट्टी दिली. बटण लावलं, काढलं, लावलं. हेडबाई एकटक बघत होती. "कधी बोलायला लागली?"

"माझा घसा बसला होता त्या दिवसांत."

यावर ती हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

सून मुंगीला म्हणाली, "बघ कोण आलंय. आजी आलीय ना?"

मुंगीनं मान हलवली. माझ्याकडे बोट केलं, "आजी." मग तिच्याकडे, "बाई."

हेडबाईचा चेहरा असा उतरला की मला पाणी न पिता गार वाटलं. लेकानं माझ्याकडे डोळे वटारले. मी छताकडे बघितलं.

मग सून मुंगीला झोपवायला आत गेली, लेक खाली गेला. मी स्वयंपाकघरात. मागून हेडबाई आली, गोळी घ्यायला पाणी हवं म्हणाली. पेला दिला. तिनं दोन्ही हातांनी धरला तरी पाणी उड्या मारत होतं. ओठापर्यंत जाईतो निम्मं अंगावर सांडलं. गोळी सिंकमध्ये पडली.

मी तिथंच उभी.

"बघितलंत," ती म्हणाली.

"बघितलं."

"मुलीला ठाऊक नाही."

"कधीपासून?"

"स्वेटर विणत होते तेव्हा सुरू झालं. दुसऱ्या बाहीला."

"तो विकतचा नव्हता?"

"विकतचा असता तर तसा झाला असता का? एवढी बटणं लावता तुम्ही, कळलं नाही?"

तोंडात मारल्यासारखं झालं. तरी म्हटलं, "पेला धरवत नाही आणि पोरगी मागताय? कशाला?"

"वर्षानं मांडीवरसुद्धा घेता येणार नाही, म्हणून."

"आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोललात ते?"

पेला खाली ठेवायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "मी बोलायला लागले की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. हातांकडे कोणी बघत नाही."

"म्हणजे तुमचे हात झाकायला माझं नाक कापलंत."

"हो."

सरळ हो म्हणाली. निदान सारवासारव तरी करायची. मी दुसरी गोळी काढून तिच्या जिभेवर ठेवली, पेला धरला. पाणी प्यायली आणि बाहेर जाऊन पुन्हा पर्स धरून बसली, जशी काही वर्ग तपासायला आलीय.

२४ नोव्हेंबर

सुनेला फक्त एक वाक्य सांगायचं. तुझ्या आईला पेला धरवत नाही. संपलं. पोरगी माझ्याकडे, हेडबाई गप्प, सगळा गाव माझ्या बाजूनं. देवानं ताटात वाढून दिलंय.

सांगणं चुकीचंही नाही. तिच्या घरी गॅस आहे, उकळतं पाणी आहे, जिना आहे.

आज सून भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, मी विचार केला. आता ती बोलायला लागलीय, तर माझ्या आईकडे पुस्तकं, गोष्टी, सगळं व्यवस्थित होईल. तुम्हालाही आराम."

आराम. मी चमचा शिकवायचा, मी घसा फोडायचा, आणि पोरगी बोलायला लागली की पाठवा हेडबाईकडे. तोंडाशी आलं होतं ते वाक्य. गिळलं.

का गिळलं ते माझं मलाच कळत नाही. दया बिया काही नाही. दुकानात एखादीचं बोट मशीनखाली आलं, तर त्या दिवशी मी तिच्यापेक्षा जास्त बटणं लावली म्हणून कोणी मिरवत नव्हतं. मला हेडबाईला हरवायचं होतं, तिच्या आजारानं आधीच हरवलेल्या बाईला नव्हे. माझा महिना फुकट घालवला तिनं.

२६ नोव्हेंबर

तिच्या घरी गेले. कोणाला न सांगता.

दार उघडायला किती वेळ लावला. कडीशी झटापट चाललेली बाहेर ऐकू येत होती. घर पुस्तकांनी भरलेलं आणि कपबश्या सगळ्या वरच्या फळीवर, धूळ बसलेली. खाली एकच प्लास्टिकचा झाकणाचा मग, लहान मुलांचा असतो तसला. मी त्याच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं.

"सांगितलंत का तिला?" तिनं विचारलं.

"नाही. तुम्ही सांगायचं. रविवारी, त्याच घरात, त्याच लोकांसमोर. आणि मला जे बोललात ते परत घ्यायचं."

"आणि नाही केलं तर?"

"मग मी सांगते. मी सांगेन तेव्हा तुमच्या तोंडाकडे कोणी बघणार नाही."

ती म्हणाली, "मुलगी तुमच्याकडे राहणार. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"नुसतं तेवढं नाही. तुम्ही रोज सकाळी माझ्या घरी यायचं. पुस्तकं घेऊन. बोलण्याचं तुम्ही बघा, हातांचं मी बघते. माझ्या डोळ्यांसमोर बसायचं आणि माझ्या घरचा चहा प्यायचा. जाड मग, अर्धा भरून."

"ही शिक्षा आहे का?"

"शिक्षाच. माझ्या घरी रोज येऊन बसणं काय असतं ते लेकाला विचारा."

ती हसली. खांदेसुद्धा हलले. "एक अट माझी," म्हणाली. "मी मुलीशी बोलत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही. प्रश्न तिला विचारला की उत्तर तिनं द्यायचं."

"मी कुठं मध्ये बोलते?"

"आत्तासुद्धा माझं वाक्य संपलं नव्हतं," म्हणाली.

कबूल केलं. आवाज राखायला डॉक्टरनंही सांगितलंच आहे.

३० नोव्हेंबर

तेच घर, तेच लोक. मी महिनाभर या दिवसाची वाट बघत होते.

जेवण वाढलं. हेडबाईनं शाल काढली, मागे खुर्चीवर टाकली, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. भांड्यात ठेवलेला चमचा वाजायला लागला. सुनेनं आधी भांड्याकडे बघितलं, मग हातांकडे. मग कोणी काही खाल्लं नाही.

हेडबाईनं सांगितलं काय आहे ते. डॉक्टरचं, गोळ्यांचं, सगळं. सून रडायला लागली. हेडबाई म्हणाली, "रडायला काय झालं? नाक पूस आणि जेव." मग माझ्याकडे वळली. "मुलगी तिच्या आजीकडेच राहील. त्यांनी तिला जे शिकवलं ते माझ्या हातून होणार नाही. त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लेकानंसुद्धा, ताटातून मान वर काढून. या क्षणी काय बोलायचं ते मी कितीदा मनात घोळवलं होतं. एकापेक्षा एक धारदार वाक्यं होती. एकही आठवेना. म्हटलं, "मीठ द्या जरा."

मीठ हेडबाईच्या समोर होतं. तिनंच दिलं. निम्मं सांडलं. मी घेतलं.

४ डिसेंबर

हेडबाई सोमवारपासून येतेय. वेळेवर येते, घंटा वाजल्यासारखी. मुंगीला पुस्तकातला बैल दाखवते, विचारते, "हा काय करतो?" आणि थांबते. केवढी थांबते. मला घाम फुटतो. काल न राहवून मी म्हटलं, "गवत खातो." दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी उठून भांडी घासायला गेले. आतून ऐकलं, मुंगी म्हणाली, "बैल झोपला." चित्रात बैल उभा होता. हेडबाई म्हणाली, "असं का? का बरं झोपला?" चुकीचं उत्तर दिलं तरी विचारत बसते. अशा शाळेतून काय शिकत असतील मुलं.

चहा अर्धा मग देते. पहिल्या दिवशी सांडला, दुसऱ्या दिवशी कमी. "साखर कमी आहे" म्हणते. मी वाढवत नाही.

आज निघताना गार वारा होता. तिनं कोट घातला आणि बटणं लावायला लागली. सून असती तर धावली असती. मुंगी धावलीच. तिला आता बटणं म्हणजे स्वतःची मालमत्ता वाटते. हेडबाईच्या हाताखाली शिरून बटण ओढायला लागली.

मी तिला मागे ओढली. "ए. तिचं ती लावेल."

"मी करते," मुंगी म्हणाली.

"तू नाही. ती."

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. हेडबाईचं बटण काजाशी यायचं आणि निसटायचं, यायचं आणि निसटायचं. माझ्या बोटांना एवढ्यात सगळा कोट करून झाला असता. माझ्याकडे बघितलं तिनं, मदत मागायला नाही, मी हात पुढे करते की काय ते बघायला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. महिनाभर जिची जिरवायला टपले होते तिला मदत करायला मी काही खुळी नाही.

हॉर्न परत वाजला. मी खिडकी उघडून ओरडले, "थांब की जरा, बाईंचं चाललंय. इथं कोणाला घाई नाही."